चिंपांझींचं ‘हमखास दर्शन’ विकणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
आफ्रिकेच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांचे संचालक आणि टूर मॅनेजर

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एका कंपनीचं नवं माहितीपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. युगांडा, आठ दिवस. चौथ्या दिवसापुढे लिहिलंय, ‘सकाळी भरपेट नाश्ता करून किबालेच्या जंगलात चिंपांझींचं हमखास दर्शन, अगदी हाताच्या अंतरावरून. दुपारी चहाच्या मळ्यात फोटो.’ दोन वर्षांपूर्वी मी याच कंपनीबरोबर याच जंगलात जाऊन आले. परतल्यावर तीन पानी पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं ते दोन ओळींचं, ‘मॅडम, आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे. गेस्टचं समाधान हेच आमचं ध्येय.’ नोंद कशी घेतली ते आता पत्रकात दिसलं. म्हणून यावेळी चारचौघांत लिहिते आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बाकीच्यांची पत्रकंही मी चाळली. शब्द इकडचे तिकडे, माल तोच.

मी कोण, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. प्राणी हा माझा विषय नव्हे. पण झाडाला फळ कधी धरतं, कधी पिकतं आणि कोण खाऊन जातं, हे बघण्यात जन्म गेला. चिंपांझींबद्दल मी वाचायला लागले तीही फळांच्याच वाटेने.

आमच्या घरामागे सात रायवळ आंबे होते. प्रत्येकाला नाव होतं. शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोटी, अशी. हापूसला नाव नव्हतं, त्याला भाव होता. कुठल्या झाडाला पाड कधी लागतो ते काकीच्या डोक्यात पक्कं असायचं. रात्री वारा सुटला की ती अंथरुणातूनच सांगायची, “उद्या खोबऱ्याखाली जा गो.” खोबऱ्या वहाळापलीकडे, लांब, आणि शेजारच्या वाडीतली पोरंही त्यावर टपलेली. म्हणून त्या दिवशी चारलाच उठायचं, कंदील घेऊन. गोटी मागच्या दाराशीच आणि आंबट ढाण. तिच्याखालचे आंबे शाळेतून आल्यावर वेचले तरी तिथेच असायचे. लांबचं, गोड आणि ज्याच्यावर दहाजणांचा डोळा, त्याला पहाट. जवळचं आणि कुणी न विचारणारं, त्याला दुपार. हा हिशेब आम्हाला कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

आता आयव्हरी कोस्टमधल्या ताईच्या जंगलात चला. (जंगलाचं नाव खरंच ताई आहे.) तिथे संशोधकांनी पाच प्रौढ माद्यांच्या मागे, फळांच्या टंचाईच्या तीन काळांत मिळून, २७५ पूर्ण दिवस काढले. पूर्ण म्हणजे मादी रात्री कुठे झोपली, सकाळी किती वाजता उतरली, पहिला घास कुठे आणि कशाचा घेतला, हे सगळं. २०१४ साली ते छापून आलं. निघालं ते असं. सकाळी जायचं आहे ते झाड अंजिराच्या जातीचं असेल, म्हणजे ज्याची फळं बघता बघता फस्त होतात असं, तर मादी लवकर उठते, पुष्कळदा सूर्य उगवायच्या आत, जंगल काळंकुट्ट असताना. झाड लांब असेल तर आणखी लवकर. आणि आदल्या संध्याकाळी फांद्या वाकवून जे घरटं बांधायचं, ते या झाडाच्या दिशेला सरकवून बांधते. बाकीच्या, दिवसभर मिळणाऱ्या फळांसाठी एवढी धावपळ करत नाही. थंडीमुळे लवकर उठत असतील का, असल्या साध्या कारणांचा हिशेबही त्यांनी आधी वजा केला होता.

वाचताना मला वहाळापलीकडचा खोबऱ्या दिसला.

याच जंगलात एका समूहाच्या मुलखातली १२,४९९ झाडं एकेक करून नकाशावर मांडली गेली. चिंपांझी फळझाडांकडे वाटेत सापडलं म्हणून जातात की जागा माहीत आहे म्हणून, हे त्यावरून ताडून पाहिलं. २००९च्या त्या कामाचं उत्तर, जागा माहीत आहे म्हणून. त्याच्या बऱ्याच आधी, १९८४ साली, याच जंगलातल्या कवचाच्या फळांवरून असंच काहीसं दिसलं होतं. ही टणक फळं फोडायला लागणारे दगड जंगलात इथे-तिथे पडलेले असतात, झाडापासून दिसतही नाहीत. चिंपांझी त्यांतला असा दगड उचलून आणतात की वाहून न्यायचं अंतर कमी पडावं. वजनदार दगड असतात ते, उगाच कोण वाहील?

मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं पाड बघणं. एका जातीच्या एखाद्या झाडाला पिकलेलं फळ दिसलं की त्याच जातीची दुसरी झाडं तपासायला जातात. कधी रिकाम्या झाडाखाली उभं राहून वर बघतात आणि फसतात. पण फसण्यातही रीत असते. जे झाड वर्षभरात कधीही, एकट्यानेच फळतं, त्याच्या बाबतीत हा नियम लावून उपयोग नसतो, तिथे ते असे फारसे फसतही नाहीत. किबालेतल्या चिंपांझींबद्दल २०१६ साली आलेलं काम तर प्रत्येक गृहिणीने वाचावं असं. काही अंजिरं पिकली तरी हिरवीच दिसतात. मग चिंपांझी काय करतो, तर बोटांत धरून दाबून बघतो. देवगडच्या पेटीवाल्यासमोर आपण जे करतो आणि तो ओरडतो, ते.

ताई पश्चिमेला, किबाले पूर्वेला. चिंपांझींच्या उपजातीही वेगळ्या. तिथलं सगळं जसंच्या तसं इथे लागू होईल असं मी म्हणणार नाही. आणि ते कुणी साधुसंत नाहीत. किबालेच्याच न्गोगो भागातल्या नरांनी शेजारच्या समूहातले चिंपांझी वर्षानुवर्षं ठार मारले आणि २००९ साली त्यांचा मुलूख बळकावला. तांबडी कोलोबस माकडं ते जिवंत फाडून खातात. त्यांचं कौतुक करा असा माझा आग्रह नाही. सकाळी आठ वाजता तुमची बस दाराशी लागते तेव्हा त्या जंगलात कितीतरी निर्णय आधीच घेतले गेलेले असतात, एवढंच मला सांगायचं आहे. आणि तुम्ही बरोबर त्यांच्या मधोमध येऊन उभे राहता.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. आम्ही चोवीसजण, सहा-सहांचे चार गट, प्रत्येकाचा गाइड वेगळा. नियमच तसा आहे. आमच्या गटाला अर्ध्या तासात एक प्रचंड फायकस मुकुसो लागला. आपल्या उंबराच्याच कुळातला, फळांचे घोसच्या घोस अंगाखांद्यावर लगडलेले. खाली पडलेल्या फळांचा आंबूस वास. गाइडने हाताने थांबवलं आणि बोट दाखवलं. डावीकडच्या पायवाटेवरून एक वयस्क मादी येत होती. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. जंगलात रानडुकरं नि हरणांसाठी तारेचे फास लावतात, त्यात चिंपांझींचे हातपाय अडकतात. पोटाला एक पिल्लू. ती इकडेतिकडे न बघता सरळ आली, उताराला लागल्यासारखी. खाली पडलेलं एक फळ उचललं, अंगठ्याने दाबलं, हुंगलं, टाकलं. मग मान वर करून फांद्यांकडे बघितलं.

तेवढ्यात टूर मॅनेजरने फोनवरून उरलेले तिन्ही गट बोलावून घेतले. गाइड नको नको म्हणत होते. लोक त्यांना ओलांडून पुढे आले. कुणीतरी हौसेने ‘गणपती बाप्पा’ म्हटलं, पाठोपाठ ‘मोरया’ झालं. चोवीस माणसं झाडाच्या बुंध्याशी, मोबाइल वर. ती मादी थोडी मागे सरली, बसली. पिल्लू पोटावरून पाठीवर गेलं. पाचएक मिनिटं ती आमच्याकडे नाही, आमच्यावरून झाडाकडे बघत होती. मग उठली आणि आली त्या वाटेने परत गेली. बसमध्ये एक काका म्हणाले, “अडीचशे डॉलर मोजले आणि पाठमोरं माकड बघितलं.” सगळे हसले. मीही हसले असेन.

तिच्या मनात काय होतं ते मला कळत नाही. एवढं मात्र कळतं की तसं पिकलेलं अंजीर दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणासाठी थांबत नाही. धनेश असतात, माकडं असतात, तिचे स्वतःचे भाऊबंद असतात.

आता तक्रारी.

पहिली ‘हमखास’ या शब्दाची. हा शब्द तुम्ही छापता पुण्या-मुंबईत, आणि त्याचं ओझं वाहतो किबालेचा गाइड. दर्शन झालं नाही तर टिप नाही, हे लोक उघड बोलतात. मग तो बिचारा नियम पाळणार की घर चालवणार? हाताच्या अंतराचं तर विचारूच नका. तिथे आठ-दहा मीटर लांब राहायला सांगतात, तोंडाला मास्क लावायला सांगतात, आणि तुमचं पत्रक त्याच्या नेमकं उलट वचन देतं.

दुसरी तक्रार गंभीर आहे. आमच्यात एक गृहस्थ तीन दिवस खोकत होते. जंगलात शिरायच्या परमिटाचे पैसे परत होत नाहीत म्हणून त्यांना सांगण्यात आलं, गोळी चघळा, मास्क लावा आणि गेटवर बोलू नका. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. याच किबालेच्या कन्यावारा भागात २०१३ साली श्वसनाच्या आजाराची साथ आली. ५६ चिंपांझींपैकी पाच मेले. कारण निघालं ऱ्हायनोव्हायरस सी, म्हणजे माणसांच्या पोरांना सर्दी होते तो. त्यांच्या अंगात त्याला तोंड द्यायची ताकद कमी. कन्यावारा हे संशोधकांचं ठिकाण, सहलींचं नव्हे. म्हणजे खबरदारी घेणारी माणसं जिथे वावरतात तिथली ही गत. ताईच्या जंगलातही १९९९ ते २००६ या काळातल्या साथींमध्ये माणसांचेच विषाणू सापडले होते.

पाच हा आकडा तुम्हाला लहान वाटेल. चिंपांझी मादीला एका पिल्लानंतर दुसरं व्हायला पाच-सहा वर्षं जातात. पिल्लू आठ-दहा वर्षं आईच्या मागे फिरतं, आणि मुलूख शिकतं ते या फिरण्यातच. वयात आलेल्या मुली बहुतेक करून दुसऱ्या समूहात जातात, म्हणजे सासरी म्हणा ना, आणि तिथली झाडं नव्याने ओळखीची करतात. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या काकीनेही सात रायवळ असेच शिकून घेतले असणार. काकी गेली त्या वर्षी खोबऱ्याचे आंबे वहाळात कुजले, कारण तो कधी लागतो ते आम्हा शिकल्यासवरल्यांना सांगता येईना. एक म्हातारी मादी तुमच्या खोकल्याने मेली तर काय काय जातं त्याचा हिशेब परमिटाच्या पावतीवर नसतो.

तिसरी तक्रार खाण्याची. आपल्या सहलींबरोबर महाराज असतो, बाकरवडी असते, त्यात मला काही गैर वाटत नाही. मी स्वतः लाडू नेले होते. पण जंगलात नाही. आमच्यातल्या दोघांनी पायवाटेवर केळी खाल्ली आणि साली टाकल्या, ‘तेवढंच त्यांनाही’ असं म्हणून. अहो, ज्या प्राण्याला गेल्या मोसमात पोटभर फळ कुठे मिळालं ते आठवतं, त्याला तुमची पायवाटही आठवेल. १९७३ साली अमेरिकेत एमिल मेन्झेल यांनी एका चिंपांझीला कडेवर घेऊन मैदानभर फिरवलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत १८ जागी खाऊ लपवला. बरोबरच्या बाकीच्यांना तो दाखवला नाही. मग सगळ्यांना सोडलं. ज्याने बघितलं होतं त्याने बहुतेक जागा बरोबर हुडकल्या, तेही ज्या क्रमाने दाखवल्या त्या क्रमाने नव्हे, कमी चालावं लागेल अशा वाटेने. बाकीचे हात हलवत बसले. म्हणजे एकदा बघितलेलं पुरतं. किबालेच्या उत्तर टोकाला, सेबितोलीला, चिंपांझी रात्रीच्या अंधारात मक्याच्या शेतात शिरतात, हे २०१४ साली कॅमेऱ्यांतून समोर आलं. ज्या शेतकऱ्याचा मका जातो त्याच्या घरी तुमची बस थांबत नाही. कोकणात वानर-माकडांनी बागा उठवल्यावर लोक काय म्हणतात ते मी रोज ऐकते. तोच राग तिथेही असणार. माणसाचं खाणं म्हणजे सोपं खाणं, हा धडा आपण पाहुणे म्हणून जाऊन देऊन येऊ नये.

चौथी किरकोळ आहे, पण शिक्षिकेची खोड जात नाही. चिंपांझी माकड नव्हे. त्याला शेपूट नसते. तुमच्या पत्रकात सहा वेळा ‘माकड’ आलंय.

पाचवी, तुम्ही लोकांना काहीच सांगत नाही. एंटेबी विमानतळापासून जंगलाजवळच्या फोर्ट पोर्टल गावापर्यंतच्या लांबलचक प्रवासात अंताक्षरी झाली, हाउझी झाली, एका हौशी जोडप्याचा लग्नाचा वाढदिवस झाला. आपण काय बघायला चाललोय यावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. त्या मादीने फळ दाबून पाहिलं तो क्षण चोवीसातल्या किती जणांना कळला? कळला असता तर बुंध्याशी गर्दी झाली नसती, असं मला अजूनही वाटतं. आपली माणसं वाईट नाहीत. पाड लागणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. रायवळ वेचायला अंधारात उठलेले निम्मे तरी त्या बसमध्ये असतील.

मागण्या साध्या आहेत.

पत्रकातून ‘हमखास’ आणि ‘हाताच्या अंतरावरून’ हे शब्द काढा. त्या जागी खरं लिहा, की जंगलात तासभर चिंपांझींजवळ राहायची परवानगी मिळते, ते दिसतील किंवा दिसणार नाहीत.

आजारी माणसाला गेटच्या आत नेऊ नका. परमिट बुडतं म्हणून माणूस खोकला लपवतो. तेव्हा आजारामुळे जो मागे राहील त्याच्या परमिटाची रक्कम कंपनीने सोसायची, असं बुकिंगच्या अटींत लिहा. दर माणशी थोडे पैसे वाढवलेत तर त्यातून सहज भागेल. मी ते आनंदाने देईन.

गाइडची टिप सहलीच्या खर्चातच धरा, आणि जंगलात शिरायच्या आधी त्याच्या हातात ठेवा. मग दर्शनाशी तिचा संबंध राहणार नाही.

सहाचा गट सहाचाच ठेवा. टूर मॅनेजरने जंगलात फोन काढायचा नाही. खाण्याच्या पिशव्या बसमध्ये.

आणि बसमध्ये अर्धा तास द्या. मला बोलवायचं तर मी एका पैशाशिवाय येऊन बोलेन, नाहीतर मजकूर लिहून देते, मॅनेजरने वाचून दाखवावा. घरटं, अंजीर आणि पहाट, एवढंच सांगायचं आहे. तुमचा भरपेट नाश्ता होईतो त्यांचा नाश्ता उरकलेला असतो, हे कळलं तर उशिरा पोचल्याबद्दल निदान चिंपांझींना कुणी दोष देणार नाही.

येत्या फेब्रुवारीच्या सहलीसाठी माझी धाकटी बहीण आणि तिच्या भिशीतल्या मैत्रिणी, अशा अकराजणींनी तुमच्यापैकी तिघांकडे चौकशी केली आहे. पैसे अजून कुणाकडेच भरलेले नाहीत. वरच्या मागण्यांपैकी कुठल्या मान्य आणि कुठल्या नाहीत, ते महिनाभरात जाहीरपणे कळवावं. ‘नोंद घेतली आहे’ हे उत्तर मी उत्तर धरणार नाही.

आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातली एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका

ता. क. केळीच्या त्या दोन साली मी उचलून बसपर्यंत आणल्या. मॅनेजरने पिशवी बघून विचारलं, “मॅडम, हे कशाला?”